क्रूसाची टोकं

जुन्या गोव्यात सें कॅथेड्रलच्या शेजारी संत फ्रान्सिस असिसीचं चर्च आहे. लोक आत येतात, सोनेरी वेदीकडे मान वर करून बघतात, छताचे फोटो काढतात आणि निघून जातात. त्या चर्चमध्ये खरं तर खाली बघत चालावं. तिथली फरसबंदी थडग्यांच्या दगडांची आहे. सोळाव्या शतकापासून तिथे पुरलेल्या माणसांची नावं त्या दगडांवर आहेत आणि कितीतरी दगडांवर नावासोबत एक ढालही कोरलेली आहे. शेकडो वर्षं पावलं पडून अक्षरं झिजली, तरी ढालींच्या रेघा काही ठिकाणी अजून बोटाने चाचपता येतात.

या ढालींचं एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला हेराल्ड्री म्हणतात, आपण कुलचिन्हविद्या म्हणू. बाराव्या शतकात पश्चिम युरोपात ती आकाराला आली. शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला घोडेस्वार कोण आहे, हे लांबून कळावं म्हणून ढालीवर ठळक चित्रं आली आणि पुढे ती बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागली. फ्रान्समधल्या ल मान्स गावी आंजूचा सरदार जॉफ्री याच्या समाधीवरचा मिनाकारीचा पत्रा आहे. जॉफ्री ११५१ मध्ये वारला. त्या पत्र्यावर त्याच्या हातात निळी ढाल आहे आणि ढालीवर सोनेरी सिंह आहेत. या विद्येच्या सुरुवातीच्या खुणांमध्ये तो पत्रा मानाने मोजतात.

यातली एक गोष्ट आधी नीट समजून घेतली, की पुढचं सगळं सोपं होतं. कुलचिन्हात चित्र ठरलेलं नसतं, वाक्य ठरलेलं असतं. गोव्यात आणि वसईत घरोघरी ऐकू येणारं परेरा हे आडनाव घ्या. पोर्तुगालच्या परेरा घराण्याची ढाल शब्दांत अशी आहे: लाल ढाल, तिच्यावर चांदीचा, फुलाच्या टोकांचा, आतून पोकळ क्रूस. एवढंच. क्रूस किती जाड, फुलाची पाकळी किती वळलेली, हे चित्रकाराने ठरवायचं. बंदिश ठरलेली आणि गायकी ज्याची त्याची, तसं. म्हणून तर प्रत्येक टोकाला नाव द्यावं लागलं. नावच नसेल तर वाक्यात सांगणार काय?

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. आडनाव परेरा असलं म्हणजे ही ढाल आपली झाली, असं होत नाही. ढाल घराण्याच्या वंशाची असते, आडनावाची नाही. आपल्याकडे ही आडनावं बहुतेकांना बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली. इंटरनेटवर आडनाव टाकलं की ‘तुमच्या घराण्याची ढाल’ म्हणून छापील चित्र विकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

रंगांचाही नियम आहे. सोनं आणि चांदी हे दोन धातू, म्हणजे पिवळा आणि पांढरा. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. कारण साधं आहे: पांढऱ्यावर पिवळं किंवा निळ्यावर काळं लांबून दिसत नाही. हा नियम उघड मोडणारी सर्वांत प्रसिद्ध ढाल जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याची. पांढऱ्या ढालीवर सोनेरी क्रूस, आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार छोटे सोनेरी क्रूस. हे शहरच इतर शहरांसारखं नाही, मग त्याची ढाल कशी असेल, असं त्याचं समर्थन पुढे सांगितलं गेलं.

आता क्रूसाकडे येऊ.

मराठी बायबलमध्ये त्याला वधस्तंभ म्हटलंय. क्रूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि कोकणीत त्याचा खुरीस झाला. वधस्तंभ हा शब्द मला जास्त खरा वाटतो, कारण ती वस्तू काय होती हे तो लपवत नाही. रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना हाल हाल करून मारायचं ते साधन. पहिल्या ख्रिस्ती लोकांना ते चिन्ह म्हणून मिरवणं सोपं नव्हतं. ते मासा काढत, जहाजाचा नांगर काढत. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर सापडलेलं, भिंतीवर खरवडलेलं एक चित्र क्रूसावरच्या येशूच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी मानलं जातं, आणि ते टिंगल करणारं आहे. क्रूसावरच्या माणसाला त्यात गाढवाचं डोकं दाखवलंय. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला, त्यानंतर क्रूस उघडपणे दिसू लागला. ज्या लाकडावर माणूस मेला, त्याला पुढे सोनं लागलं, रत्नं लागली, पानंफुलं फुटली. त्यामागे एक श्रद्धा आहे: मेलेल्या लाकडातून जीवन उगवलं. क्रूसाच्या टोकाला फूल दिसलं की त्याच्या तळाशी हा विचार आहे हे विसरू नये.

ढालीवर मात्र फुलं येण्याचं कारण थोडं व्यवहारातलंही होतं. १०९५ पासून क्रूसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला निघालेले लोक कापडाचा क्रूस अंगरख्यावर शिवू लागले. सगळेच क्रूसवाले, मग ओळखायचं कसं? ११८८ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप आणि इंग्लंडचा राजा हेन्री जीझोर इथे भेटले आणि ठरलं, की फ्रेंचांनी लाल क्रूस लावावा, इंग्रजांनी पांढरा आणि फ्लँडर्सच्या लोकांनी हिरवा. आज पांढऱ्यावर लाल क्रूस म्हटलं की इंग्लंड आठवतं, पण त्या दिवशी लाल रंग फ्रेंचांच्या वाट्याला आला होता. रंगाचा अर्थ दगडावरची रेघ नसते, हे दाखवायला एवढं उदाहरण पुरे.

रंग संपले की आकार बदलणं आलं. ढालीवरचा साधा क्रूस म्हणजे काठापासून काठापर्यंत गेलेले दोन पट्टे. त्याला टोकंच नसतात, काठ हेच त्याचं टोक. सजावट करायची तर क्रूस काठापासून सोडवून, आखूड करून, ढालीच्या मधोमध मोकळा ठेवावा लागतो. तसा तो मोकळा झाला आणि त्याच्या चार हातांच्या टोकांना जागा मिळाली. मग कारागिरांनी काय काय केलं ते बघा.

त्यांनी आजूबाजूच्या वस्तू उचलल्या. टोकाला आडवी पट्टी लावली, की इंग्रजी टी या अक्षरासारखा आकार होतो. जुन्या फ्रेंचमध्ये कुबडीला पोटाँस म्हणत, त्यावरून या क्रूसाला ‘पोटेंट’ म्हणतात. रामदासी साधूंच्या हातातली कुबडी आठवा, तशा चार कुबड्या मध्यावर एकत्र आणल्या की हा क्रूस तयार. जेरुसलेमच्या ढालीवरचा मोठा क्रूस तो हाच. पोर्तुगालच्या तेशेरा घराण्याच्या निळ्या ढालीवरचा सोनेरी क्रूसही याच जातीचा, फक्त आतून पोकळ.

टोक दुभंगून दोन्ही बाजूंना वळवलं, की ‘मोलीन’. हे नाव पिठाच्या चक्कीवरून आलंय. चक्कीच्या वरच्या दगडाच्या भोकात लोखंडाची एक पट्टी बसवतात, दगड तिच्यावर तोलला जातो आणि तिच्यामुळेच फिरतो. त्या पट्टीची टोकं दगडात घट्ट बसावीत म्हणून फाकलेली असतात. गिरणीतलं लोखंड थेट सरदाराच्या ढालीवर जाऊन बसलं. इंग्लंडमध्ये भावंडांच्या ढाली वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून प्रत्येक मुलाला एक छोटं चिन्ह ठरलेलं आहे. थोरल्याला वेगळं, दुसऱ्याला चंद्रकोर, असं करत करत आठव्या मुलाच्या वाट्याला हा मोलीन क्रूस येतो.

टोकाला तीन गोल कळ्या आल्या, की ‘बोटोनी’. फ्रेंचमध्ये बुताँ म्हणजे कळी, आणि बटणही. आपल्या डोळ्यांना ते टोक बेलाच्या पानासारखं दिसेल. हा क्रूस चर्चच्या शिखरांवर, वेदीवरच्या कापडांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर खूप दिसतो. तीन कळ्या म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, असा अर्थ त्याला दिला जातो. टोकाला नुसता एक गोळा असेल तर त्याचं नाव सफरचंदावरून पडलंय. टोकाला लिलीचं फूल असेल तर तो ‘फ्लरी’, आणि परेरांचा क्रूस याच घरातला. लिली हे येशूच्या आईचं, मरियेचं फूल आणि फ्रान्सच्या राजांचंही, त्यामुळे हा आकार दोन्हींकडे शोभला. प्रत्येक हातावर पुन्हा एक आडवी काडी टाकली तर एका क्रूसातून चार क्रूस निघतात. आणि खालचा हात खिळ्यासारखा निमुळता केला, तर तो जमिनीत रोवता येईल असा होतो. मोहिमेवरचे लोक मुक्कामाच्या ठिकाणी असा क्रूस रोवून प्रार्थना करत, असं सांगतात.

मला सगळ्यांत आवडतो तो छाटलेल्या फांद्यांचा क्रूस. बर्गंडीच्या ड्यूकांनी संत आंद्रियाचा तिरपा, फुलीसारखा क्रूस घेतला. आंद्रिया अशाच तिरप्या क्रूसावर मेला अशी परंपरा आहे. तो त्यांनी सुताराने रंधा मारलेल्या लाकडाचा काढला नाही. नुकत्याच तोडलेल्या, गाठी आणि खुंट तसेच असलेल्या दोन ओंडक्यांचा काढला. पुढे तो स्पेनच्या झेंड्यावर गेला आणि अर्ध्या जगात फिरला. लाकूड हे लाकूडच दिसावं, असा हा एकच आकार आहे असं मला वाटतं.

आता सर्वांत जास्त घोटाळा होतो त्या जोडीकडे येतो. एकात हात मध्याशी अरुंद असतात आणि बाहेर जाताना रुंद होतात, टोक मात्र सपाट. त्याला ‘पाते’ म्हणतात, फ्रेंचमध्ये पात म्हणजे जनावराचा पंजा. दुसऱ्यात टोकाला मधोमध खाच असते, त्यामुळे प्रत्येक हाताला दोन अणकुच्या आणि एकूण आठ टोकं. हा माल्टाचा क्रूस. ओळखायचं कसं? टोकं मोजा. आठ मोजता आली तर माल्टा.

हा घोटाळा राजाज्ञेतसुद्धा झालाय. १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस सुरू केला, तेव्हा आज्ञापत्रात ‘माल्टाचा क्रूस’ असं लिहिलं गेलं. पदक मात्र सपाट टोकांचं, पंजेदार घडलं आणि आजही तसंच आहे. १९११ पासून ते भारतीय सैनिकांनाही मिळू लागलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना मराठा पलटणीच्या दोघांना ते मिळालं: नाईक यशवंत घाडगे, जे जुलै १९४४ मध्ये तिथेच धारातीर्थी पडले, आणि शिपाई नामदेव जाधव, ज्यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना उचलून आणलं. घाडग्यांचा पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावला आहे. तिकडून जाणाऱ्यांनी क्षणभर थांबावं.

आठ टोकांच्या क्रूसाची गोष्ट अर्थ कसे चिकटतात हे फार छान दाखवते. जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय चालवणारे धर्मबंधू होते, इटलीतल्या आमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी ते उभं केलं होतं. १११३ मध्ये पोपने त्यांना मान्यता दिली. पुढे ते लढवय्ये झाले, रोड्स बेटावर राहिले आणि १५३० मध्ये सम्राट चार्ल्सने त्यांना माल्टा बेट दिलं. त्यांचा क्रूस सुरुवातीला साधा होता. आजचा रेखीव आठ टोकांचा आकार त्यांच्या हाती हळूहळू पक्का झाला. आता ती आठ टोकं म्हणजे काय? एकजण सांगेल, येशूने डोंगरावर सांगितलेली आठ धन्यवचनं. दुसरा सांगेल, त्या संघातल्या सरदारांचे भाषांनुसार आठ गट. दोन्ही अर्थ सुंदर आहेत, दोन्ही आकारानंतर आलेत. आधी सोनाराच्या आणि पाथरवटाच्या हाताला एक आकार जमतो, डोळ्यांना आवडतो, आणि मग धर्मगुरू त्याच्याकडे बघून त्याला अर्थ देतात. त्याने अर्थ खोटा होत नाही. शेकडो वर्षं माणसांनी मनापासून मानला, की तो त्या आकाराचाच होतो. आपल्याकडे कंडक्टरच्या लायसन्ससाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र काढलेल्यांनी हा क्रूस नक्की बघितलाय: सेंट जॉन अँब्युलन्सची खूण तीच आहे. रुग्णालयापासून निघालेला आकार पुन्हा जखमेला पट्टी बांधायला आलाय.

आणि म्हणूनच लाल क्रॉसची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तो या कुळातला नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारात ठरलेलं ते चिन्ह म्हणजे स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केलेत: लालवर पांढऱ्याऐवजी पांढऱ्यावर लाल. स्विस झेंड्यावरच्या क्रूसाचं माप १८८९ मध्ये ठरलं, प्रत्येक हात रुंदीपेक्षा एक षष्ठांश लांब. लाल क्रॉसचं माप मात्र मुद्दाम ठरवलेलं नाही. मापात बसत नाही म्हणून रुग्णालयावर गोळी झाडली, अशी पळवाट कुणाला मिळू नये म्हणून. भारतात १९६० च्या कायद्याने हे चिन्ह राखीव आहे. डॉक्टरांनी ते गाडीवर लावणं बेकायदा आहे, तरी आपल्याकडे सर्रास दिसतं.

गोव्याच्या दगडांवर परत जाऊ. १३१२ मध्ये पोपने टेंपलर सरदारांचा, म्हणजे क्रूसेडमध्ये लढलेल्या धर्मबंधूंचा संघ मोडला. पोर्तुगालचा राजा दिनिश याने त्यांची मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये त्याने त्यातून ‘ख्रिस्ताचा संघ’ उभा केला. त्याचा क्रूस लाल, टोकांशी फाकणारा, आणि आत एक बारीक पांढरा क्रूस. पंधराव्या शतकात राजपुत्र हेन्री या संघाचा कारभारी होता आणि संघाचा पैसा समुद्रमोहिमांत ओतला गेला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला तेव्हा शिडांवर हाच क्रूस होता. कोकण किनाऱ्यावरच्या माणसांनी लाल क्रूसाची शिडं पहिल्यांदा बघितली, ती हीच.

पोर्तुगालच्या राजढालीत पाच छोट्या निळ्या ढाली क्रूसाच्या आकारात मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके. येशूच्या पाच जखमा, असा त्याचा अर्थ सांगतात. १३८५ मध्ये राजा झालेला पहिला जुआंव हा आधी आविसच्या संघाचा प्रमुख होता, त्या संघाचा क्रूस हिरवा आणि लिलीच्या टोकांचा. त्याने तो राजढालीच्या मागे ठेवला, म्हणजे लाल काठावर फक्त चार हिरवी फुलं डोकावत. १४८५ मध्ये दुसऱ्या जुआंवने ती काढून टाकली. गोवा पोर्तुगीजांनी घेतला १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये. म्हणून आपल्याकडच्या दगडांवर राजढालीच्या काठाला ती फुलं शोधून सापडायची नाहीत. टोकं नसणं हीसुद्धा एक तारीख असते.

दोन आडव्या दांड्यांच्या क्रूसाबद्दल थोडक्यात. वरची छोटी दांडी म्हणजे येशूला शिक्षा देणाऱ्या रोमन अधिकाऱ्याने, पिलातने क्रूसावर लावलेली पाटी, हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहिलेली. कॅथलिक आर्चबिशपांच्या ढालीमागे असा क्रूस उभा असतो, साध्या बिशपांच्या मागे एका दांडीचा. ढालीवरच्या टोपीचे गोंडे मोजले की हुद्दा कळतो: बिशपांना दोन्ही बाजूंना सहा-सहा, आर्चबिशपांना दहा-दहा, पॅट्रिआर्कना पंधरा-पंधरा, सगळे हिरवे. गोव्याच्या आर्चबिशपांकडे १८८६ पासून पूर्व इंडिजचे पॅट्रिआर्क हा मानही आहे. याच दोन दांड्यांचा लोरेनचा क्रूस १९४० मध्ये स्वतंत्र फ्रान्सच्या लढवय्यांनी घेतला. त्याआधी, १९०२ मध्ये बर्लिनच्या परिषदेत पॅरिसच्या एका डॉक्टरांच्या सूचनेवरून तो क्षयरोगाविरुद्धच्या लढ्याची खूण झाला होता. आपल्याकडच्या टीबीच्या तिकिटांवर जो दुहेरी लाल क्रूस असतो, तो तिथून आलाय.

स्वस्तिकही या विद्येच्या यादीत आहे. ‘फिलफॉट’ म्हणतात, आणि जुन्या ख्रिस्ती भाषेत चार ग्रीक गॅमा अक्षरं जोडलेला क्रूस म्हणून त्याची नोंद होते.

शेवटी एक दगड, ज्याला ढाल नाही, सरदार नाही, राजा नाही. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी पर्शियाच्या चर्चशी नातं असलेले ख्रिस्ती लोक आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होते. केरळात कोट्टयमला आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर त्यांचे क्रूस आहेत. २००१ मध्ये तसाच एक गोव्यात झुवारी नदीकाठी आगशीला सापडला. या क्रूसांवर कुठेही येशूची मूर्ती नाही. भोवती जुन्या पर्शियन, म्हणजे पहलवी अक्षरांची कमान, खालून दोन्ही बाजूंनी वर वळत आलेली पानं, आणि चारही हातांच्या टोकांना उमलायच्या बेतात असलेली कळी.